विश्लेषण : डोंगर चढण्यापेक्षा उतरणे अधिक जोखमीचे का ठरते?

पावसाचा जोर ओसरू लागला की मुंबई-पुण्यातील शनिवार-रविवारच्या ट्रेकच्या जाहिरातींत 'लोणावळा-राजमाची-कर्जत' हा मार्ग हमखास दिसतो. सकाळी लोणावळ्याहून निघायचे, राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत जेवायचे, कोंडाणे लेण्यांच्या बाजूने कोकणात उतरायचे आणि कर्जतहून लोकल पकडायची. वाट वरून खाली जाते, म्हणून ती 'सोपी' आणि 'नवख्यांसाठी योग्य' असल्याचे सांगितले जाते. उतरताना दम लागत नाही हे खरेच. पण दम न लागणे म्हणजे शरीर न थकणे नव्हे. डोंगर उतरताना शरीरात काय घडते, सह्याद्रीची उतरण अवघड का आणि अशा वाटेचे नियोजन कसे करावे, याचा हा आढावा.

राजमाची-कर्जत वाट नेमकी कशी आहे?

लोणावळ्याहून तुंगार्ली धरणामार्गे राजमाचीकडे सुमारे १५ किलोमीटरचा कच्चा रस्ता जातो. तो बराचसा पठारावरून, चढउतार करत पुढे सरकतो. उधेवाडी हे गाव श्रीवर्धन आणि मनरंजन या राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसले आहे. दोन किल्ल्यांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचे मंदिर आहे. इथपर्यंतची चाल लांब असली तरी अंगावर येणारी नाही. पावसाळा सोडला तर गावापर्यंत जीपगाड्याही येतात.

खरी उतरण गावाच्या पुढे सुरू होते. पायवाट घाटमाथ्याची कड सोडून उल्हास नदीच्या खोऱ्यात, दाट झाडीतून खाली जाते. वाटेत कोंडाणे ही इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास खोदलेली बौद्ध लेणी लागतात. लाकडी बांधकामाची आठवण करून देणारे तिथले चैत्यगृह आणि 'कण्हाचा शिष्य बलक याने हे घडवले' अशा अर्थाचा ब्राह्मी लेख प्रसिद्ध आहे. लेण्यांपासून पुन्हा उतरून कोंडाणे, कोंदिवडे या गावांकडे आणि तिथून मिळेल त्या वाहनाने कर्जत स्थानकावर पोहोचता येते.

या उतरणीची कल्पना येण्यासाठी शेजारच्या रेल्वेकडे पाहता येईल. १८६३ मध्ये सुरू झालेला बोरघाटातील लोहमार्ग साधारण २५ किलोमीटरमध्ये सुमारे ५५० मीटर चढतो. कमाल चढ ३७ मीटरला एक मीटर इतका. तरीही घाट उतरणाऱ्या गाड्यांना वेगाची कडक मर्यादा असते आणि ब्रेकची खात्री करण्यासाठी वाटेत थांबावे लागते. राजमाचीची पायवाट जवळपास तेवढीच उंची अवघ्या काही किलोमीटरमध्ये उतरते. इथे ब्रेकचे काम करायचे असते ते मांडीच्या स्नायूंनी.

उतरताना शरीरात काय घडते?

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीराला वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. पुढचा पाय खाली टेकेपर्यंत मागच्या पायाचा गुडघा हळूहळू वाकतो आणि शरीराचे वजन त्या ताणलेल्या स्नायूवर तोलले जाते. हा ताण स्नायूच्या तंतूंना सूक्ष्म इजा करतो. ट्रेकनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या भरून येतात, त्याचे मुख्य कारण चढण नसून उतरण असते. हे दुखणे साधारण २४ ते ७२ तासांत सर्वाधिक जाणवते. स्नायूची ताकद मात्र त्याआधीच, ट्रेक चालू असतानाच घटू लागते.

आकडा मांडून पाहिला तर भार लक्षात येतो. ५०० मीटर उंची उतरायची आहे आणि प्रत्येक पावलाला सरासरी १५ सेंटीमीटर खाली जायचे आहे, असे धरले तर ३,३०० हून अधिक पावले टाकावी लागतात. यातील प्रत्येक पाऊल म्हणजे एक छोटी, आवरून धरलेली पडझडच. शिवाय सपाटीवर चालताना गुडघ्यावर येतो त्याच्या कितीतरी पट भार तीव्र उतारावर येतो. पाठीवरची पिशवी, वाढलेले वजन किंवा जुने दुखणे असेल तर तो आणखी वाढतो.

बोटांचाही प्रश्न असतो. बुटाची नाडी सैल असेल तर पाय पुढे सरकतो आणि बोटे बुटाच्या टोकावर आदळत राहतात. नखे काळी पडणे, टाचेला फोड येणे या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमुळे माणूस पाऊल वाकडे टाकू लागतो आणि घोटा मुरगळण्याची शक्यता वाढते.

दम लागत नाही, हाच धोका कसा?

१९५२ मध्ये ॲबट, बिगलँड आणि रिची या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी एक गमतीदार प्रयोग केला. दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एक जण नेहमीसारखे पेडल मारी, तर दुसरा उलट्या फिरणाऱ्या पेडलला पायांनी अडवून धरी. दोघांच्या पायांवर जोर सारखाच. तरी अडवणाऱ्याला लागणारा प्राणवायू पेडल मारणाऱ्याच्या तुलनेत खूपच कमी भरला.

डोंगरावर हेच होते. चढताना हृदयाचे ठोके वाढतात, धाप लागते, घाम फुटतो आणि माणूस आपोआप थांबतो. तिथे बसतो, पाणी पितो, पुढे जायचे की परतायचे याचा विचार करतो. उतरताना श्वास सुरळीत असतो, गप्पा चालू असतात, त्यामुळे थांबावेसे वाटत नाही. दरम्यान मांडीची ताकद कमी होत जाते. मग कधीतरी पाय थरथरू लागतात किंवा गुडघा अचानक 'सोडतो'. शरीराचा पहिला इशारा येतो तो बहुतेक वेळा इतका उशिरा.

आल्प्समधील नोंदी याला दुजोरा देतात. ऑस्ट्रियातील डोंगरवाटांवर नऊ वर्षांत पडून जखमी झालेल्या पदभ्रमंतीकरांच्या नोंदींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ७५ टक्के माणसे उतरताना पडल्याचे आढळले. ट्रेकची उतरण बहुधा दिवसाच्या उत्तरार्धात येते. तोपर्यंत पाय थकलेले असतात, पाणी संपत आलेले असते आणि लक्ष घरी जाण्याच्या गाडीकडे लागलेले असते.

सह्याद्रीची उतरण वेगळी का?

सह्याद्री लाव्हाच्या थरांनी बनला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय उद्रेकांत एकावर एक थर साचले. त्यातील काही थर टणक, तर काही सच्छिद्र आणि लवकर झिजणारे. टणक थराचा कडा होतो, तर मऊ थर झिजून पायरी किंवा माची तयार होते. या खडकांना इंग्रजीत मिळालेले 'ट्रॅप' हे नावही जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आले आहे. त्यामुळे सह्याद्री उतरणे म्हणजे एकसारखा उतार नसतो. आधी कडा, मग झाडीचा पदर, पुन्हा कडा असा तो जिना असतो.

या जिन्यातून वाट काढण्याच्या जागा मोजक्याच. कुठे डोंगराची सोंड खाली उतरते, कुठे पाण्याने कोरलेली नाळ कड्याला छेद देते. जुन्या घाटवाटा नेमक्या याच जागांवर आहेत. चढताना या वाटा शोधणे तुलनेने सोपे असते, कारण सर्व वाटा माथ्याकडे एकत्र येत जातात. उतरताना उलट होते. एका वाटेला फाटे फुटतात, ढोरवाटा मिसळतात आणि चुकीचा फाटा थेट कड्याच्या तोंडाशी नेऊन सोडतो. खालचे गाव समोर दिसत असते, म्हणून 'इथूनच सरळ खाली जाऊ' असा मोह होतो. मधला कडा मात्र वरून दिसत नाही.

दुसरी अडचण पायाखालच्या जमिनीची. मुरमाड उतारावरील सुटे खडे, म्हणजेच घसारा, बॉल-बेअरिंगसारखे काम करतो. पावसाळ्यात शेवाळलेला बेसॉल्ट निसरडा होतो. पाऊस संपल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आडवे पडलेले वाळके गवतही तितकेच घसरते. आधारासाठी हात झुडपांकडे जातो. कारवीचे दांडके लवचिक असले तरी त्याची मुळे उथळ मातीत असू शकतात, आणि वाळलेली फांदी भार येताच मोडते.

तिसरी बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही, ती उष्णतेची. उंची कमी होते तसे तापमान वाढते. साधारण ५५० मीटर खाली आल्यावर हवा तीन ते पाच अंशांनी अधिक तापलेली असू शकते, शिवाय कोकणातील दमटपणा वेगळाच. सकाळी लोणावळ्याच्या गारव्यात निघालेला माणूस भर दुपारी उल्हास खोऱ्यातील वाराहीन झाडीत उतरतो. म्हणजे पाण्याची गरज सर्वाधिक असते नेमकी तेव्हा, जेव्हा बाटली रिकामी होत आलेली असते.

ऋतूनुसार धोका कसा बदलतो?

जून ते सप्टेंबर या काळात मुख्य धोका ओढ्यांचा. राजमाचीच्या उतरणीवर पाण्याचे अनेक प्रवाह ओलांडावे लागतात. घाटमाथ्यावर जोराचा पाऊस पडला की खालच्या ओढ्याचे पाणी थोड्याच वेळात वाढते. तिथे त्या क्षणी पाऊस असलाच पाहिजे असे नाही. लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात ३० जून २०२४ रोजी एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. घाटमाथ्यावरच्या पावसाचे पाणी किती लवकर चढते, हे त्या घटनेने दाखवून दिले. ओढा गुडघ्याच्या वर असेल, पाणी गढूळ झाले असेल किंवा त्यातून काटक्या वाहत येत असतील तर न ओलांडता थांबणे हाच उपाय. घाईने दोर बांधून चाळीस-पन्नास जणांना एका ओढ्यातून काढणे हे धाडस नव्हे.

पाऊस सुरू होण्याच्या आधीचे दिवस राजमाचीत काजव्यांचे. या काळात रात्री परिसरात मोठी गर्दी होते आणि काही जण काजवे पाहून अंधारातच कोकणात उतरतात. अपुरी झोप, विजेरीच्या उजेडात सपाट दिसणारे खड्डे आणि पावसाची पहिली सर यांचा संगम जोखीम वाढवतो. पहिल्या सरीनंतर खडकावरील धुळीचा चिखल होतो, तेव्हा तो पूर्ण ओल्या खडकापेक्षाही निसरडा असतो.

हिवाळा सर्वांत सोयीचा मानला जातो. पण नोव्हेंबरअखेरीस मुंबई परिसरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दाट झाडीच्या नाळेत त्याच्या बराच आधी अंधारते. उन्हाळ्यात प्रश्न पाण्याचा असतो. तेव्हा वाटेवरचे ओढे आटलेले असतात.

परतीची वाट 'वर' असेल तर काय होते?

गड चढणाऱ्याला मध्येच जमेनासे झाले तर तो मागे फिरतो, आणि मागे फिरणे म्हणजे खाली, गावाकडे जाणे. उतरणीच्या ट्रेकमध्ये हे गणित उलटे होते. अर्ध्या वाटेवर कोणाचा गुडघा गेला तर पुढे तीव्र उतार आणि मागे तीव्र चढ. दोन्ही नकोसे. म्हणून जाऊ की नको हा निर्णय उधेवाडीतच व्हायला हवा. तिथे गाव आहे, पाणी आहे, वाहनाचा रस्ता आहे.

बोरघाट परिसराच्या इतिहासात याचे एक ठसठशीत उदाहरण आहे. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शाहिस्तेखानाने धाडलेला कारतलबखान मोठी फौज आणि अवजड सामान घेऊन लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरत होता. उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीने भरलेल्या वाटेत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याला पुढून आणि मागून गाठले. पुढची वाट बंद झालेली, मागे घाटाचा चढ. फौजेबरोबर असलेल्या रायबागनच्या सल्ल्यानुसार खानाने शरणागती पत्करली आणि सामान टाकून सुटका करून घेतली. उतरत्या, अरुंद वाटेवर संख्या किती आहे याला अर्थ उरत नाही, हे सह्याद्रीने तेव्हाच दाखवले होते.

परदेशातील उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. तिथे रानातून पायी फिरण्याला 'बुशवॉकिंग' म्हणतात. सिडनीच्या पश्चिमेला सुमारे १०० किलोमीटरवर असलेल्या ब्लू माउंटन्समध्ये कटुंबा हे शहर जवळपास हजार मीटर उंचीवर, कड्याच्या काठावर वसले आहे. तिथल्या अनेक वाटा आधी दरीत उतरतात. थ्री सिस्टर्स या सुळक्यांजवळून 'जायंट स्टेअरवे' नावाचा शेकडो पायऱ्यांचा जिना खाली जातो. परत वर येण्यासाठी ५२ अंश कलाची तीव्र उताराची रेल्वे आहे, पण ती ठरावीक वेळेतच चालते. आधी उतरणाऱ्या वाटांवर लोक गाफील राहतात, हा तिथलाही अनुभव. म्हणून तिथले पोलीस आणि राष्ट्रीय उद्यान प्रशासन जाणाऱ्यांना आपला बेत आधी कळवायला सांगतात. शिवाय संकटात उपग्रहामार्फत ठिकाण कळवणारे यंत्र विनामूल्य वापरायला देतात. तरीही अपघात टळतात असे नाही. ४ एप्रिल २०२२ रोजी तिथल्या वेंटवर्थ पास या वाटेवर दरड कोसळून दोघांचा मृत्यू झाला.

अपघात झाल्यास मदत कशी पोहोचते?

महाराष्ट्रात डोंगरातील बचावकार्य मुख्यतः स्वयंसेवी गिर्यारोहकांच्या बळावर चालते. लोणावळ्यातील 'शिवदुर्ग मित्र' हे त्यापैकी एक ओळखीचे पथक. राज्यभरातील अशा पथकांमध्ये समन्वय साधण्याचे काम महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू को-ऑर्डिनेशन सेंटर करते. ११२ या आपत्कालीन क्रमांकावरूनही पोलिसांपर्यंत पोहोचता येते.

मात्र दूरध्वनी लागणे ही पहिली अट. घाटमाथ्याच्या कडेवर मिळणारे नेटवर्क खोऱ्यातील झाडीत अनेकदा मिळत नाही. मग एकाला वर किंवा खाली पळावे लागते. निरोप पोहोचला तरी पथक जमणार, गाडीने पायथ्याशी येणार, मग चालत जखमीपर्यंत पोहोचणार. पाय मोडलेल्या माणसाला स्ट्रेचरवरून अरुंद वाटेने नेण्यासाठी आळीपाळीने खांदा देणारी बरीच माणसे लागतात. गावकरी वाटाड्ये आणि मदतीला धावणारी आसपासच्या वाड्यांतील माणसे नसतील तर हे काम होणे कठीण. शहरात रुग्णवाहिकेची वाट मिनिटांत मोजली जाते, इथे तासांत. मुरगळलेल्या घोट्यासारखी साधी दुखापतही उतरणीच्या मध्यावर झाली तर अख्ख्या गटाची रात्र डोंगरात जाऊ शकते.

आयोजकांची जबाबदारी काय?

राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने असे उपक्रम राबवणाऱ्यांसाठी नोंदणी आणि सुरक्षेच्या अटी घालून दिल्या आहेत. समाजमाध्यमांवर गट तयार करून, पैसे गोळा करून नेले जाणारे एकदिवसीय ट्रेक मात्र इतक्या प्रमाणात होतात की प्रत्येकाची पडताळणी कठीण असते. त्यामुळे सहभागी होणाऱ्यानेच काही साधे प्रश्न विचारणे हिताचे. किती जण येणार? त्यांच्यामागे किती प्रशिक्षित माणसे? सर्वांच्या मागे कोण चालणार? वाट चुकली किंवा ओढा वाढला तर पर्याय काय? उधेवाडीतून किती वाजेपर्यंत निघायचे, हे ठरले आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. उतरणीवर गटाचा वेग हा सर्वांत हळू माणसाचा वेग असतो. अवघड टप्प्यावर एकेक जण उतरतो आणि बाकीचे रांगेत उभे राहतात. एका टप्प्यावर माणशी दोन मिनिटे धरली तरी ५० जणांच्या गटाला तो ओलांडायला दीड तासाहून अधिक वेळ लागतो. असे दोन-तीन टप्पे आले की चार वाजता संपणारा ट्रेक रात्री आठवर जातो. वरच्या माणसाच्या पायाने निसटलेला दगड खालच्या रांगेवर येण्याचा धोका असतो तो वेगळाच.

वेळेचा अंदाज कसा बांधावा?

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला. सपाटीला तासाला सुमारे पाच किलोमीटर आणि चढाच्या प्रत्येक ६०० मीटरला एक तास जादा. त्यात उतरणीचा वेगळा विचार नव्हता. पुढे एरिक लँगमूर यांनी ती उणीव भरून काढली. सौम्य उतार असेल तर दर ३०० मीटरला १० मिनिटे वजा करायची. पण उतार १२ अंशांहून तीव्र असेल तर तेवढ्याच उंचीला १० मिनिटे वाढवायची. थोडक्यात, तीव्र उतरण वेळ वाचवत नाही, खाते. हे हिशेबही चांगल्या वाटेवरच्या सराईत माणसासाठी आहेत. सह्याद्रीतील नवख्यांच्या मोठ्या गटाने येणाऱ्या वेळेच्या दुप्पट वेळ हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

उतरणीची तयारी कशी करावी?

स्नायूंची एक गोष्ट दिलासादायक आहे. उतरणीचा ताण एकदा सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तोच ताण अधिक चांगल्या प्रकारे पेलतो. म्हणून ट्रेकच्या आठ-दहा दिवस आधी एखादी टेकडी किंवा इमारतीचा जिना चढण्याइतकाच, सावकाश उतरण्याचाही सराव करावा. पर्वती, हनुमान टेकडी किंवा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीची वाट यासाठी पुरेशी आहे. नुसते सपाटीवर चालून मांडीची ही तयारी होत नाही.

प्रत्यक्ष उतरताना पावले लहान टाकावीत आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत. भीतीने मागे रेलू नये. त्यामुळे भार टाचेवर जातो आणि पाय पुढे निसटतो. शरीराचा भार पायांच्या बरोबर वर राहायला हवा. रुंद उतारावर नागमोडी जावे. हात टेकावे लागतील अशा खडकाळ टप्प्यावर तोंड डोंगराकडे करून, शिडी उतरावी तसे उतरावे. निघण्यापूर्वी बुटाच्या नाड्या घोट्याजवळ घट्ट बांधाव्यात. काठीचा उपयोग नक्की होतो. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये केलेल्या मोजणीत, उतारावर दोन काठ्या वापरल्याने गुडघ्यावरील भार १२ ते २५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उतरताना काठीची लांबी चढताना असते त्यापेक्षा थोडी जास्त ठेवावी.

दम लागला नसला तरी दर अर्ध्या तासाने थांबावे, पाणी प्यावे, काहीतरी खावे. पायांना कंप सुटला असेल तर ती विश्रांतीची वेळ टळून गेल्याची खूण समजावी. उधेवाडीत पाण्याच्या बाटल्या पुन्हा भरून घ्याव्यात. जेवण उरकून दुपारी बाराच्या आत गाव सोडता येत नसेल, गटातील कोणाचे गुडघे आधीच दुखत असतील किंवा वर काळे ढग दाटले असतील, तर कर्जतचा बेत रद्द करून जीपने लोणावळ्याला परतावे. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी गावातील वाटाड्या सोबत घ्यावा. वाटेला कुठे फाटे फुटतात हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक नसते. घरच्यांना मार्ग आणि परतीची वेळ सांगून ठेवावी. विजेरी प्रत्येकाकडे हवी, गटात एक असून भागत नाही.

राजमाची-कर्जत ही वाट सुंदर आहे आणि नवख्यांना अशक्यही नाही. दर हंगामात असंख्य माणसे ती सुखरूप उतरतात. पण तिची अवघड बाजू शेवटच्या टप्प्यात आहे, जेव्हा पाय थकलेले असतात, हवा तापलेली असते आणि मागे फिरायला डोंगर चढावा लागतो. त्यामुळे ट्रेक निवडताना 'किती चढायचे आहे' या नेहमीच्या प्रश्नाबरोबर 'किती उतरायचे आहे आणि कधी' हेही विचारायला हवे.